चहाबिस्किटांचे पैसे वाचले म्हणे!

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. हळू बोला हं, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई पलीकडे कपडे वाळत घालतायत आणि विषय नेमका त्यांचाच आहे.

परवाची भिशी चुकली तुमची, मोठ्या मजेला मुकलात. सांबारवडी झाली, कढी झाली, आणि मग या बाई सुरू झाल्या. म्हणे, "आमच्या मिस्टरांचं स्पष्ट मत आहे, ह्या सरकारी समित्या, सल्लागार मंडळं, सगळं बंद करून टाकलं पाहिजे. नुसता पैशांचा चुराडा! दिल्लीनं 2020 मध्ये हातमागाची न् हस्तकलेची मंडळं बरखास्त केलीच ना? काय बिघडलं कोणाचं? उलट कोट्यवधी वाचले असतील." सगळ्यांनी माना डोलवल्या. तोंडात वडी असली की माणूस दुसरं काय करणार? पण त्या मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई आहेत ना, गणित शिकवायच्या त्या... त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा पुसला, परत घातला, आणि विचारलं, "किती वाचले?" बस्स, एवढंच. बाई म्हणाल्या, "म्हणजे... पुष्कळच." तर ह्या म्हणतात, "पुष्कळ म्हणजे किती? आणि कशातले?" अहो, चेहरा असा उतरला म्हणून सांगू! एकदा माझ्याकडे बघतात, एकदा कढीच्या वाटीकडे.

मी गप्प बसले. आपण कशाला कुणाचं तोंड पाडा. पण आमच्या ह्यांची अख्खी नोकरी गेली ऑडिटमध्ये, लोकांची टीए बिलं तपासण्यात. घरी आल्यावर मी हा किस्सा सांगितला आणि ह्यांनी जे काही सुरू केलं ना, भाजी करपली माझी.

तर काय सांगत होते... हां, ती मंडळं. आठवतंय ना तुम्हाला? लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात कोंडलेले, तेव्हाचीच गोष्ट. हातमागाचं अखिल भारतीय मंडळ गेलं जुलैच्या शेवटाला आणि हस्तकलेचं गेलं 3 ऑगस्टला. हस्तकलेचं मंडळ म्हणजे 1952 चं, कमलादेवी चट्टोपाध्यायांनी वाढवलेलं. आणि लगेच 7 ऑगस्टला काय? राष्ट्रीय हातमाग दिन! 1905 च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून 2015 पासून साजरा करतात तो. मंत्री स्मृती इराणी, सगळीकडे हातमागाची साडी नेसून फोटो, खाली लिहिलेलं 'व्होकल फॉर हँडमेड'. माझ्या सुनेनंही टाकला होता, माझीच साडी नेसून. आता मंडळ मोडून पंधरवड्याच्या आत त्याचाच सण करायचा म्हणजे... जाऊ दे, तारखा अशाच पडल्या असतील. सरकारी कागदाला मुहूर्त कुठला!

कारण काय दिलं? तेच आपलं, 'मिनिमम गव्हर्नमेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स'. यंत्रणा सडपातळ करायची. ऐकायला छान वाटतं हो. डॉक्टरनं मला हेच सांगितलंय.

पण हे म्हणाले, "तू मला सांग, गेलं कोण न् राहिलं कोण?" हातमागाच्या विकास आयुक्तांचं दिल्लीतलं कार्यालय राहिलं. हस्तकलेच्या विकास आयुक्तांचंही राहिलं. आपल्या नागपुरातलं विणकर सेवा केंद्र राहिलं. ते राहायलाच हवं म्हणा, कामाचं आहे. म्हणजे ज्यांचा पगार सरकार देतं, ती माणसं जिथल्या तिथे. त्यांच्या गाड्या, कार्यालयांची भाडी, विजेची बिलं, सगळं तसंच. मग गेलं कोण? बिनपगारी! मंडळावरचे जे अशासकीय सदस्य असतात ना, कुणी विणकर, कुणी कारागीर, कुणी संस्था चालवणारं, ती माणसं. त्यांना पगार नसतोच. बैठकीला बोलावलं की जाण्यायेण्याचं भाडं, दैनिक भत्ता, वर चहाबिस्किटं न् दुपारचं जेवण. हे म्हणाले, "माझ्या टेबलावरून असली बिलं गेलीत. त्यात श्रीमंत झालेला एकही माणूस मी पाहिला नाही. उलट रिक्षाची पावती नाही म्हणून मी कित्येकांचे पैसे कापलेत." आणि हे सांगताना चेहऱ्यावर काय समाधान होतं, बघायला हवं होतं तुम्ही!

म्हणजे बघा, घरखर्च आटोक्यात आणायचा म्हणून पेपरवाल्याला बंद करायचं, आणि तिन्ही खोल्यांतले एसी चालूच ठेवायचे. वर चार लोकांत सांगायचं की आम्ही काटकसर सुरू केली.

आता मी काही त्या मंडळांची बाजू घेत नाही हं. तसं समजू नका. मला काय माहीत नाही का? आमच्या जाऊबाईंचे मावसभाऊ होते एका मंडळावर. कुठल्या ते सांगत नाही, उगाच कुणाच्या कानावर जायचं. विणकामाचं, शेतीचं, कशाकशाचं ज्ञान नाही. पण निवडणुकीत खुर्च्या मांडल्या, सतरंज्या उचलल्या, त्याची भरपाई म्हणून लागली वर्णी. काय तो थाट! गाडीवर पाटी, जाडजूड कागदाची व्हिजिटिंग कार्डं, त्यावर सोनेरी अक्षरात 'सन्माननीय सदस्य'. लग्नात आहेराच्या पाकिटातसुद्धा कार्ड घालायचे हो! बैठकीत काय बोलता म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "अनुमोदन देतो." मग सरकार बदललं, पत्र आलं. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी आम्ही नेमके त्यांच्याकडे जेवायला. ताटावरून उठले नाहीत, पण श्रीखंड तसंच राहिलं. आता त्या कार्डांच्या मागे वहिनी दुधाचा हिशेब लिहितात. कागद चांगला आहे, शाई फुटत नाही म्हणतात.

तर असल्यांना घरी बसवा, माझी काही हरकत नाही. नेमणाऱ्यालाही जरा जाब विचारा म्हणावं. पण तुम्ही सदस्य बदलायच्या ऐवजी खुर्चीच काढून टाकलीत, तर उद्या ज्याला खरंच काही सांगायचंय तो बसेल कुठे?

ते मोहाडीकडचे विणकरदादा येतात ना आपल्याकडे, टसरच्या करवतकाठी साड्या घेऊन? मागच्या खेपेला तुम्ही घासाघीस केलीत ते... बरं बरं, मीही केली. तर त्या वेळी ते गेल्यावर तुम्ही आत गेलात, पण परत आले ते, छत्री विसरली म्हणून. मग पाणी दिलं, बसले. मी सहज विचारलं, सुती माल का आणत नाही हल्ली? तर म्हणाले, "सूतच भेटून नाही राहिलं ना काकू." मला वाटलं, एवढ्या गिरण्या, एवढा कापूस, आणि सूत मिळत नाही? तर त्यांनी समजावून सांगितलं. गिरणीत सूत निघतं ते कोनावर गुंडाळलेलं. यंत्रमागवाल्याला तेच हवं असतं. हातमागवाल्याला हवं लडीतलं. कारण त्याला ते घरी रंगवायचं असतं, कोनावरचं घट्ट सूत रंगाच्या पातेल्यात नीट भिजत नाही. लडी कशी मोकळी, सगळीकडून रंग पिते. बायका मग ती चरख्यावर कांड्यांवर भरतात. पण गिरणीला लडी करायची म्हणजे वेगळं काम, वेगळी मजुरी. ती कशाला करेल आपणहून? म्हणून सरकारचा नियम आहे, देशात विकायच्या सुतातला इतका वाटा लडीतच बांधायचा. तो वाटा होता 40 टक्के. 2019 च्या जानेवारीपासून केला 30.

आता मला सांगा, 40 चे 30 करायचे की नाही, हे मंत्र्याला कोण सांगतं? गिरणीवाल्यांच्या संघटना आहेत. मुंबईत आहेत, कोईमतूरला आहेत, त्यांची माणसं दिल्लीच्या विमानात असतातच. त्यांना मंडळ असलं काय, नसलं काय. सचिवांच्या केबिनचं दार त्यांना उघडतं. मोहाडीच्या दादांना कोण उघडणार? 2019-20 च्या हातमाग गणनेत 35 लाखांच्या वर विणकर न् त्यांच्या हाताखालचे कामगार मोजले, त्यात शंभरात 72 बायका. ह्यांच्यातली एखादी, वर्षातून एकदा का होईना, मंत्र्यासमोर बसून सांगू शकायची की बाबा, लडी मिळत नाही. 'दस्तकार'च्या लैला तय्यबजींनी तेव्हा हेच तर लिहिलं होतं. मंडळ कितीही पातळ झालेलं असेल, विणकरांचं न् कारागिरांचं म्हणणं सरळ सरकारच्या कानावर जायची ती एक अधिकृत जागा होती. लगेच लोक त्यांच्यावर तुटून पडले, आणि लगेच दुसरे लोक त्यांच्या बाजूनं धावले. चार दिवस चाललं ते. मग सगळे आपापल्या पोळ्या लाटायला.

हां, पण खरी गंमत तर पुढेच आहे. कापसाची. आपण विदर्भातली माणसं, कापसाचं आपल्याला कळायला हवं.

त्याच सुमाराला कापूस सल्लागार मंडळही गेलं. कॉटन अॅडव्हायझरी बोर्ड. त्याचं काम काय? यंदा कापूस किती पिकला, किती गाठी झाल्या, गिरण्यांना किती लागणार, बाहेर किती जाणार, शिल्लक किती, याचा ताळेबंद मांडायचा. 170 किलोची एक गाठ. शेतकरी, व्यापारी, गिरणीवाले, अधिकारी, सगळे मुंबईला वस्त्रोद्योग आयुक्तांकडे जमायचे, भांडायचे, आणि एक आकडा काढायचे. बरं, मंडळ गेलं. मग आकडा कोण काढणार? तर अहो, नवी समिती! 'कमिटी ऑन कॉटन प्रॉडक्शन अँड कन्झम्प्शन'. अध्यक्ष कोण? वस्त्रोद्योग आयुक्त! जमायचे कुठे? मुंबईला! करायचं काय? गाठी मोजायच्या!

मी ह्यांना म्हटलं, थट्टा करताय ना माझी? म्हणाले, "थांब, अजून आहे." 2022 च्या मे महिन्यात कापूस असा भडकला की खंडीला, म्हणजे 356 किलोला, लाखाच्या वर गेला. आठवतंय, माझा माहेरचा भाऊ डोक्यावर हात मारून बसला होता? त्यानं डिसेंबरातच विकून टाकला होता सगळा. तर भाव भडकला, गिरणीवाले ओरडायला लागले, आणि मंत्री पीयूष गोयलांनी जाहीर केलं की आता कापसासाठी एक कौन्सिल नेमतो. अध्यक्ष सुरेश कोटक, कापसातले जुनेजाणते म्हणून ज्यांना सगळे मानतात ते. माणूस योग्यच निवडला, त्यात वाद नाही. पण बघा ना, एक सल्लागार मंडळ नको म्हणून मोडलं, आणि दोन वर्षांत सल्ला द्यायला दोन जागा तयार झाल्या! आता ह्यात वाचलं काय? पाट्या रंगवणाऱ्याचं मात्र भलं झालं.

आणि ते काही पहिल्यांदाच नाही म्हणा. नियोजन आयोग गेला न् नीती आयोग आला, तेव्हा तरी काय? संसद मार्गावरची इमारत तीच. आतले लिफ्टवाले तेच असतील, त्यांना विचारा.

अहो थांबा, चाललात कुठे? कुकर माझाही लागलाय, तीन शिट्ट्यांनंतर बंद करायला सांगितलंय ह्यांना.

सिनेमावाल्यांचं माहितीय का? सेन्सॉरनं कात्री लावली की निर्माते जायचे त्या अपिलाच्या न्यायाधिकरणाकडे, 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' सुटला ना 2017 मध्ये, तिकडेच. ते काही सल्लागार मंडळ नव्हे, निवाडा देणारं होतं, पण बंद करण्याची तऱ्हा तीच. 2021 च्या एप्रिलमध्ये गेलं. आता काय करायचं? हायकोर्टात जायचं. आता हायकोर्टातला वकील म्हणजे... तुमच्या दिरांना विचारा, जमिनीच्या केसमध्ये किती गेले! म्हणजे सरकारच्या वहीत एक ओळ कमी झाली, ती निर्मात्याच्या वहीत चढली. वर कोर्टाच्या ढिगावर आणखी एक फाईल. हे म्हणतात, असा खर्च कुठल्याच ऑडिटमध्ये सापडत नाही, कारण तो दुसऱ्याच्या खिशातून जातो.

पण मला विचाराल तर जिवाला लागली ती आपली गोष्ट. आपलं विदर्भ विकास मंडळ हो! दांडेकर समितीनं 1984 ला सगळ्या राज्याचा अनुशेष काढून दिला होता, 3,186 कोटींचा. ऐकून आमच्या सासऱ्यांनी त्या दिवशी जेवण सोडलं होतं म्हणतात. मग कितीतरी भांडून 1994 ला मंडळं आली. विदर्भाचं, मराठवाड्याचं आणि उर्वरित महाराष्ट्राचं. घटनेतच तशी सोय आहे, 371 मध्ये. कामं काही मंडळ करत नव्हतं, ते फक्त सांगत होतं. कुठे किती मागे पडलोय ते मोजायचं आणि राज्यपालांना सांगायचं. त्या मंडळांची मुदत संपली 30 एप्रिल 2020 ला, आणि कुणी वाढवलीच नाही. आता हे बंद केलं असंही नाही, ठेवलं असंही नाही. नुसतं विझू दिलं.

बरं, पैसे वाचवायला म्हणावं तर तेही नाही! खरं कारण बाहेर कसं आलं माहितीय? 2021 च्या मार्चमध्ये, विधानसभेत. त्या वेळी राज्यपाल कोश्यारी न् सरकार यांच्यात बारा आमदारांच्या नावांवरून ताणाताणी चाललेली. सरकारनं नावं पाठवलेली, राज्यपाल सही करीनात. विरोधकांनी विकास मंडळांचं विचारलं, तर अजितदादा उभे राहिले. अर्थमंत्री होते ना तेव्हा. दादांचं तुम्हाला माहीतच होतं, आडपडदा नाही. म्हणून टाकलं की राज्यपालांनी ती बारा नावं जाहीर केली की दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळं जाहीर करतो! अहो, टीव्हीवर बघत होते मी. त्यांच्याच बाकावरच्या काही जणांचे चेहरे... जसं पाहुण्यांसमोर घरातल्या पोरानं आतलं बोलून टाकावं. आणि फडणवीस ताडकन् उठले. विदर्भ-मराठवाड्याला ओलीस धरलं म्हणाले. गदारोळ, घोषणा, सगळं झालं. आमचे हे टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवत होते. कुणासाठी ते नाही कळलं मला. मग सरकार बदललं. 2022 च्या सप्टेंबरात नव्या मंत्रिमंडळानं ठरवलं, मंडळं परत आणायची. ठराव दिल्लीकडे. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच गावच्या कालव्याचं काय झालं ते सांगा. नाही ना झालं काही?

ह्यात मला एक कळत नाही. अनुशेष मोजणारं कुणी नसलं की अनुशेष कमी होतो का हो? कागदावर होतो. मास्तरीणबाई म्हणाल्या, वर्गातलं गैरहजेरीचं रजिस्टर फाडलं की सगळी पोरं हजर! आणि मग परत त्या कोपऱ्यावरच्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मला जरा पाणी द्या." इतकी कणव आली मला.

तर काय सांगत होते... हां, खर्च. सरकारला काटकसर शिकवायलाही समित्याच लागतात, हे माहितीय का? 2014 ला बिमल जालनांचं कमिशन नेमलं, खर्च कसा आवरायचा ते सांगायला. मग रतन वटल म्हणून वित्त सचिव होते, त्यांची समिती. काम काय, तर सरकारच्या 679 स्वायत्त संस्था तपासायच्या आणि कुठली ठेवायची, कुठली मोडायची ते सांगायचं. समित्या मोडायला समिती! मी हसले, तर हे रागावले. म्हणाले, "हसू नको. हीच तर बरोबर पद्धत आहे. एकेक उघडून बघायची, कोणाचं काम संपलंय, कोणाचं नाही, खर्च किती, फायदा किती. मग मोडायची. झटक्यात पंधरा मोडल्या की बातमी होते, हिशेब होत नाही." आता हे नवरे माणूस, ऑडिटमधले, त्यांना सावकाशीचं कौतुक. पण मला पटलं ते. मी तसं ह्यांना सांगितलं नाही अर्थात.

आणि शेवटचं सांगते, मग जा तुम्ही. माझी भाची आहे ना लंडनजवळ, तिथल्या नगरपालिकेत, कौन्सिल म्हणतात त्याला, हिशेबाच्या खात्यात? तिला फोनवर हा सगळा भिशीचा किस्सा सांगितला. ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे ह्याच्या दसपट तमाशा झालाय. 2010 च्या ऑक्टोबरात फ्रान्सिस मॉड म्हणून मंत्री होते, त्यांनी 901 सरकारी मंडळं तपासली आणि 192 मोडतो म्हणून जाहीर केलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, मंडळांची होळी! लोक खूश. तीन महिन्यांत त्यांच्याच संसदेच्या समितीनं कान उपटले की हे धड नियोजन न करता केलंय. सरकार म्हणत होतं 2015 पर्यंत 2.6 अब्ज पौंड वाचतील. आणि मोडायचा खर्च? मंडळ मोडणं का फुकट होतं? माणसांना भरपाई द्यायची, पेन्शनी, इमारतींचे करार तोडायचे, कॉम्प्युटर इकडून तिकडे न्यायचे. तो आधी सांगितला साडेबेचाळीस कोटी पौंड. 2012 ला तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं तपासलं तर निघाला निदान 83 कोटी. जवळजवळ दुप्पट! ह्यांना हा आकडा सांगितला ना, तर दिवसभर गुणगुणत होते. ऑडिटवाल्याला दुसऱ्या ऑडिटवाल्याचं कौतुक.

वाचलं काहीच नाही असं नाही हं, भाचीही तसं म्हणत नाही. मोठी मोठी मंडळं होती ती, पगारी माणसांची, पैसे वाटणारी. पैसे वाटणं कमी केलं की खर्च कमी दिसणारच. ती वेगळी काटकसर झाली. आपल्याकडच्या नुसत्या सल्ला देणाऱ्या मंडळांत तेवढंही नाही, तिथे वाटायला पैसेच नसतात.

पण तिनं सांगितलेली ऑडिट कमिशनची गोष्ट ऐका. सगळ्या कौन्सिलांचे हिशेब तपासायची व्यवस्था बघायचं ते. मंत्री एरिक पिकल्स, त्यांनी 2010 लाच ते मोडायचं ठरवलं, म्हणाले वर्षाला 5 कोटी पौंड वाचतील. 2015 च्या मार्चअखेर बंद झालं. काम गेलं खासगी कंपन्यांकडे. मोजक्याच कंपन्या, माणसं अपुरी, काम किचकट. हिशेब तुंबत गेले, तुंबत गेले, 2023 च्या सप्टेंबरात 900 च्या वर ताळेबंद न तपासलेले पडून! कुठल्या कौन्सिलचं दिवाळं निघतंय ते वेळेवर कळायला मार्ग नाही. आणि मग 2024 च्या डिसेंबरात सरकारनं काय जाहीर केलं असेल? सांगा बघू. हो! नवं ऑफिस काढणार, लोकल ऑडिट ऑफिस. कौन्सिलांचे हिशेब तपासण्याची व्यवस्था बघायला!

भाची म्हणते तिथे भरती निघाली की ती अर्ज टाकणार आहे. इतकी वर्षं तुंबलेले हिशेब तिनंच पाहिलेत, तर तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. पण तिच्या आईला ह्यातलं काही सांगू नका हं, माझ्या बहिणीला. तिनं आत्ताच सगळीकडे सांगून ठेवलंय की पोरीला बँकेत घेतायत, आणि परवा त्या कोपऱ्यावरच्या बाईंच्या भाच्यासाठी पत्रिकासुद्धा मागवलीय. बघा बघा, इकडेच येतायत बाई, हातात बादली घेऊन... नमस्कार हो! काही नाही, आम्ही आपलं कढीचं बोलत होतो. फार छान झाली होती.